कंदिलाचा कायदा

सांगलीच्या हळदीच्या धंद्यात माणसाला दोनदा तोलतात, एकदा बसतीत, म्हणजे जैन मंदिरात, आणि एकदा पेवाच्या तोंडाशी. बसतीत अण्णाप्पा मगदुमांचं वजन बेताचंच भरे. देवाचा अभिषेक चालू असताना ते डोळे मिटून हळदीच्या भावाचा विचार करतात, असं त्यांच्या बायकोचं, त्रिशलाबाईंचं, मत होतं. आणि नवऱ्याबद्दलची त्रिशलाबाईंची मतं सहसा खोटी निघत नसत. पेवाच्या तोंडाशी मात्र अण्णाप्पांच्या समोरच्या पारड्यात बसायला सांगलीजवळच्या हरिपुरातला कुणी धजत नसे.

पेव म्हणजे जमिनीच्या पोटात खणलेली खोली. तोंड एवढंसं, माणूस जेमतेम आत जाईल असं. पोट मात्र रांजणासारखं सुटलेलं. तळाला आणि कडेनं उसाचं पाचट नि चटया लावायच्या, हळद ओतायची, तोंडावर दगड ठेवून माती लिंपायची आणि भाव चढेपर्यंत तिला विसरून जायचं. वर्ष जावो, दोन जावोत, हळदीला कीड लागत नाही. का लागत नाही, तर कीड जगेल अशी हवाच आत राहत नाही. आणि जिथं कीड जगत नाही तिथं माणसाचं काय होतं, हे हरिपुरात कुणाला सांगावं लागत नाही.

मगदुमांच्या घरात कांदा-बटाटा येत नसे, कारण तो जमिनीखालचा. हळद जमिनीखाली उगवते, जमिनीखालीच राहते आणि तिच्यावर अख्खं घर चालतं, हे कुणी काढलं की अण्णाप्पा म्हणत, "वाळली की चालतंय." धर्मसुद्धा त्यांनी असा वाळवून, टिकाऊ करून ठेवला होता.

सूट नव्हती ती एकाच बाबतीत. पेव उघडलं की रात्रभर तोंड मोकळं ठेवायचं. सकाळी दोराला पेटता कंदील बांधून आत सोडायचा. त्या वेळी अण्णाप्पा तोंडाशी वाकून उभे राहत, उजवा हात वर करून. हात वर असेतोवर कुणी बोलायचं नाही, हलायचं नाही. कंदील विझला तर वर ओढायचा, थांबायचं, पुन्हा पेटवून सोडायचा. ज्योत तळाशी सरळ उभी राहिली की अण्णाप्पा हात खाली घेत, आणि त्यांचा गडी ज्ञानू कमरेला दोर बांधून आत उतरे. अण्णाप्पांच्या वडिलांच्या वेळी एक गडी कंदिलाची वाट न बघता उतरला होता. त्याला काढायला दुसरा उतरला. दोघांना गळ टाकून काढावं लागलं. तेव्हापासून मगदुमांच्या पेवावर हा कायदा. विझला तर थांब, पेटला तर उतर.

दुसरी मोठी लढाई संपून वर्ष झालं होतं. श्रावणातल्या एका संध्याकाळी अण्णाप्पा जेवायला बसले होते. दिवस मावळल्यावर मगदुमांच्या घरी कुणी घास घेत नसे, म्हणून जेवण नेहमी उन्हात व्हायचं. निम्मी भाकरी झाल्यावर अण्णाप्पांनी हात आवरला.

"दिवस मावळला काय गं?"

"मावळतोय कुठला? परसात ऊन पडलंय की."

"उजवीकडं पडलंय," अण्णाप्पा म्हणाले. "डावीकडं मावळला."

त्रिशलाबाईंना वाटलं चेष्टा आहे. नवऱ्याच्या चेष्टा त्यांना वर्षाकाठी एखाद-दुसरी मिळे, म्हणून त्यांनी हसूनही घेतलं. मग त्यांनी त्यांचा चेहरा बघितला. अण्णाप्पा उजव्या डोळ्यावर तळवा ठेवून समोरच्या भिंतीकडं बघत होते आणि भिंत त्यांना दिसत नव्हती.

"वरनं पडदा सोडल्यागत झालं," ते म्हणाले. त्यांनी ताट पुढं सारलं. निम्म्या जगात का होईना, सूर्य मावळला होता. घास कसा घ्यायचा?

त्या सुपारी कातरत बसल्या होत्या. ती कातरून व्हायच्या आत पडदा जसा आला तसा वर गेला.

"बघ, पेटला," अण्णाप्पा खूश होऊन म्हणाले. "वाईट हवा हुती, गेली. आता काय भ्या न्हाई."

हा हिशेब त्रिशलाबाईंना पटला नाही, पण मोडताही येईना. ज्या कायद्यानं पेवात माणसं जगली तो डोळ्याला का लागू नसावा?

"कुटं बोलायचं न्हाई हं," अण्णाप्पांनी बजावलं. तेही खरं होतं. लोक आपली हळद मगदुमांकडं ठेवत ती त्यांच्या पेवांवर नव्हे, त्यांच्या नजरेवर. अण्णाप्पाचा डोळा जातोय, एवढी कुजबूज बाजारात झाली की पेवं मोकळी पडली असती. त्रिशलाबाई गप्प बसल्या.

दुसऱ्यांदा पडदा पडला तो रहिमतपुरात. तिथं हंबीरराव सुभेदारांचा मळा होता. त्यांची हळद मगदुमांच्या सगळ्यात मोठ्या पेवात होती. सुभेदार म्हणजे लाल चेहऱ्याचा, आडव्या हाडाचा गडी. मिसर देशात लढून आला होता आणि घरातल्या माणसांशीही कवायतीच्या मैदानावर उभा असल्यागत बोलायचा. तपकीर ओढायचा, मटणाच्या रश्श्यात वरून मीठ घ्यायचा, आणि डोकं ठणकलं की ते फेट्यानं आवळून बांधायचा. त्याच्या ओट्यावर बसल्या बसल्या अण्णाप्पांना मळ्याचा डावा भाग दिसेना झाला. थोड्या वेळानं दिसू लागला. "दुसऱ्यांदाबी पेटला," त्यांनी घरी येऊन सांगितलं, जणू दिव्यानं परीक्षा पास केली होती.

तिसऱ्यांदा झालं ते बसतीत. डाव्या डोळ्यानं बघितलं तर मूर्तीचे पाय दिसत होते, मस्तक दिसत नव्हतं. अण्णाप्पा थांबले. अभिषेक झाला, आरती झाली, लोक घरी गेले. मस्तक आलं नाही. दुसऱ्या दिवशीही आलं नाही. तेव्हा त्रिशलाबाईंनी सुभेदारांना चष्म्याचं निमित्त सांगून डॉक्टर विचारला. सुभेदारांना डॉक्टर पलटणीतलेच तेवढे खरे वाटत. त्यांच्याच ओळखीचे एक डोळ्यांचे डॉक्टर लढाईवरून परतून साताऱ्यात बसले होते.

डॉक्टरांनी खोलीत अंधार केला आणि हातातल्या यंत्राचा बारीक उजेड डोळ्यात सोडून इतक्या जवळ आले की अण्णाप्पांनी श्वास आवरून धरला.

"किती वेळा झालं?"

"एकदाच," अण्णाप्पा म्हणाले.

"तीनदा," त्रिशलाबाई म्हणाल्या.

डॉक्टर बराच वेळ बघत राहिले. मग डोळा सोडून त्यांनी दंडाला पट्टा गुंडाळला, पाऱ्याचा खांब वर चढवला, खाली येईतो तोंडातल्या तोंडात काहीतरी मोजलं. नळी छातीला लावली, मग गळ्याला लावली.

"डॉक्टर, दुखणं वर हाय," अण्णाप्पा म्हणाले.

"दिसतंय वर. आहे खाली." डॉक्टरांनी खिडकी उघडली. "डोळ्याच्या तळाशी रक्ताच्या बारीक वाहिन्या असतात. त्यातली एक बुजलीय. तिच्यावर जगणारा भाग पांढरा पडलाय, तो परत यायचा नाही. पण मगदूम, माणूस न कापता त्याची रक्तवाहिनी उघडी बघता येते ती एवढ्या एकाच जागी. मी तिथून आत डोकावलो. वाहिन्या कडक झाल्यात, तारेसारख्या. रक्ताचा दाब भलता आहे. हृदयातून नाहीतर मानेच्या वाहिनीतून गुठळीचा कण सुटतो, वाहत जातो, आणि अडकेल तिथलं मरतं. दोनदा अडकून सुटला. तिसऱ्यांदा अडकला तो अडकलाच. चौथा डोळ्यातच जाईल असं नाही. डोळ्याची वाट आणि मेंदूची वाट एकाच फाट्यावरून फुटतात."

"मेंदूत गेला तर?" त्रिशलाबाईंनी विचारलं.

"ही मेंदूची डावी बाजू, तिच्या ताब्यात उजवं अंग. उजवा हात पडेल. तोंड वाकडं होईल, वाचा जाईल."

"कवा?"

"उद्या. दहा वर्षांनी. कदाचित नाहीच." डॉक्टर हात धुऊ लागले. "मीठ तोडा, तंबाखू तोडा. उन्हात उभं राहायचं नाही. आणि तुमचे ते पाण्याशिवायचे उपवास बंद. आटलेलं रक्त लवकर गुठळी धरतं."

"दोनदा विझून पेटला की हो," अण्णाप्पा म्हणाले, आणि त्यांनी डॉक्टरांना पेवाचा कायदा सांगितला, सावकाश, अडाण्याला सांगावा तसा. डॉक्टरांनी तो नीट ऐकून घेतला.

"पेवाला तोंड आहे," ते म्हणाले. "वाईट हवा निघून जाते. इथं कुठून जाणार? इथं दिवा विझून पेटला, की तिथंच सावध व्हायचं होतं."

परतीच्या गाडीत अण्णाप्पा खिडकीशी बसून राहिले. कोरेगाव गेलं, रहिमतपूर गेलं. मग म्हणाले, "पलटणीतला डॉक्टर. जखम डोळ्याला, पट्टी दंडाला. चष्मा द्यायचा सोडून मीठ बंद करतोय."

त्रिशलाबाईंच्या मनात एकच शब्द रुतला होता. उजवा. माणसाला हात दोन असतात. त्यातला कुठलाही पडला असता तर घरापुरतं दुःख होतं. पण अण्णाप्पांचा उजवा हात घरापुरता नव्हता. तो वर असला की ज्ञानू जमिनीवर, तो खाली आला की ज्ञानू जमिनीखाली.

"पेवावर हात दुसरा कुणी तरी वर करंल की," त्या म्हणाल्या. "धरणेंद्र हाय की, तुमचा पुतण्या."

"त्येला ज्योत नि काजवा वळखू येत न्हाई."

"तुमास्नी तरी निम्मीच दिसतीया."

"उजवा डोळा शाबूत हाय. कंदील काय दोन डोळ्यांनी बघायचा असतोय व्हय?"

घरी त्रिशलाबाईंनी आमटीतलं मीठ निम्म्यावर आणलं, ते अण्णाप्पांना पहिल्याच घासाला कळलं. "डोळ्यानं दगा दिला, जिभेनं न्हाई दिला अजून," ते म्हणाले आणि मिठाचं भांडं पुढ्यात ओढलं. 'अजून' हा शब्द त्रिशलाबाईंना खड्यासारखा लागला.

भादव्यात दशलक्षण पर्व आलं. अनंत चतुर्दशीचा पाण्याशिवायचा उपवास अण्णाप्पांनी लग्नाच्या आधीपासून चुकवला नव्हता. त्रिशलाबाईंनी विनवलं, भांडून बघितलं, शेवटी बसतीतल्या पंडितांना मध्ये घातलं. पंडित म्हणाले, आजाऱ्याला सूट असते. अण्णाप्पा म्हणाले, आजारी कोण आहे? गावात कुणाला ठाऊकच नव्हतं, तेव्हा पंडित तरी काय बोलणार. गुप्त ठेवलेल्या दुखण्याचं हे असं असतं; ते सूट घेऊ देत नाही.

त्यात सुभेदार आले. हळदीचा भाव चढला होता आणि दोन दिवसांत पितृपंधरवडा लागणार होता. त्यात ते माल हलवणार नव्हते. "अण्णा, पुनवंला पेव काडायचंच," ते गरजले. "मी ट्रक सांगितलाय. पितरं एकदा दारात आली, की मला कशाला हात लावू द्यायची न्हाईत."

चतुर्दशीला, उपवासाच्या दिवशी, तिन्हीसांजेला पेवाचं तोंड फोडलं. पुनवेला सकाळी अण्णाप्पा बसतीतून पारणं न करताच थेट पेवावर गेले. आधी पेव, मग पाणी, असं त्यांचं म्हणणं. त्रिशलाबाई तांब्याभर पाणी आणि दुधाची वाटी घेऊन मागोमाग निघाल्या. बाईमाणसानं पेवावर जायची रीत नव्हती. पण पारण्याचं पाणी हातात असलेल्या बायकोला कोण अडवणार?

पेवाभोवती माणसं उभी होती. सुभेदार ट्रकला टेकून तपकीर ओढत होते. ज्ञानू कमरेला दोर बांधून तोंडाशी बसला होता, पाय आत सोडून. त्यांना बघून हसला.

"अक्का, आज तुमी? मालक पळून जात्यात काय?"

"पाणी आणलंय त्यांचं."

"माजं बी आणायचं. आत लय गरम असतंय."

अण्णाप्पांनी हात वर केला. सगळे गप्प झाले. एक गडी कंदील आत सोडू लागला. ऊन चढत होतं. अण्णाप्पांचे ओठ पांढरे पडले होते, हे त्रिशलाबाईंना लांबूनही दिसलं. बाकी सगळ्यांची नजर हातावर होती. त्यांची एकटीची नवऱ्याच्या तोंडावर.

ओठांची उजवी कड खाली सरकली, ओल्या भिंतीवरचा गिलावा सरकावा तशी. ओठ हलले. काहीतरी बोलायचं होतं. बोलणं आलं नाही. मग हात खाली आला.

ज्ञानू उतरला.

"वर काडा त्येला," त्रिशलाबाई म्हणाल्या.

दोर धरलेल्या दोघांनी त्यांच्याकडं बघितलं आणि पुन्हा दोर सोडू लागले. सुभेदार हसले. "वैनी, मालकांनी हात दिलाय."

"त्यांनी न्हाई दिला. पडलाय."

कुणी हललं नाही. मगदुमांच्या पेवावर एका हाताचा कायदा होता, आणि तो हात सगळ्यांनी डोळ्यांनी खाली येताना बघितला होता. बायकोच्या बोलण्यावर कायदा मोडायचा कुणी? त्रिशलाबाईंनी तांब्या खाली टाकला. त्या नवऱ्याजवळ गेल्या, त्यांचा उजवा हात मनगटाला धरून डोक्याच्या वर नेला आणि सोडून दिला. तो पिळून टाकलेल्या धोतरासारखा खाली पडला. त्यांनी पुन्हा उचलला, पुन्हा सोडला.

"बघा," त्या म्हणाल्या. "हा हात कुणाला हुकूम देतोय?"

तेव्हा सुभेदारांची तपकिरीची डबी खाली पडली. दोर ओढायला ते स्वतः धावले. ज्ञानू वर आला तो मान टाकून. ओठ निळे, डोळे अर्धे उघडे. त्याच्यामागून कंदील आला. काच काजळलेली, वात थंड. अण्णाप्पा तोवर मातीवर बसले होते आणि सांडलेल्या पाण्याकडं बघत होते.

ज्ञानूला उताणा निजवून लोकांनी वारा घातला, पाणी मारलं. तो श्वास घेऊ लागला, पण नीट चालायला त्याला आठवडा लागला आणि पुन्हा पेवात काही तो उतरला नाही. अण्णाप्पा जगले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. बरेच दिवस तोंडातून शब्द नाही. मग एके सकाळी त्रिशलाबाई उशी सरकवत असताना ते स्पष्ट म्हणाले, "थांब."

त्या थांबल्या. आनंदानं म्हणाल्या, "काय पायजे?"

"थांब," अण्णाप्पा म्हणाले. पाणी हवं असलं तरी थांब, कूस बदलायची असली तरी थांब, बसतीची घंटा ऐकून डोळ्यांत पाणी आलं तरी थांब. तेवढा एकच शब्द उरला होता. एवढ्या मोठ्या धंद्याची बोलणी केलेल्या जिभेवर शिल्लक एवढीच. हा शब्द कुठून आला हे गावाला कळेना, ज्ञानूला कळलं. तो एकदा येऊन पायाशी बसला, ऐकून घेतलं, आणि जाताना म्हणाला, "अक्का, त्या दिवशी मालक ह्येच म्हणत हुते. दिवा इझल्याला त्यांनी बघितला हुता." त्रिशलाबाईंनी मान हलवली. त्यांना ते ओठ आठवले.

दिवाळीनंतर सुभेदार भेटायला आले. फेटा कपाळावर आवळलेला. ओसरीवर अण्णाप्पांच्या डाव्या बाजूला बसून त्यांनी हळदीचं सांगितलं, उसाचं सांगितलं, लेकीची सोयरीक इस्लामपुराकडं जमतेय ते सांगितलं. मग आवाज खाली आणला. त्यांना आवाज खाली आणताना त्रिशलाबाईंनी प्रथमच ऐकलं.

"वैनी, चार रोजामागं गंमत झाली. मळ्यात हुबा हुतो, तर ह्या डाव्या डोळ्यावर ढग आल्यागत झालं. वरनं खाली. तपकीर ओढून हुईतो गेलाबी. काय न्हाई, उनाचं असंल."

"थांब," अण्णाप्पा म्हणाले.

"व्हय, व्हय, थांबतोय की. चहा घेतल्याबिगर कुटं जातोय," सुभेदार हसले. सगळे असंच हसून उत्तर देत.

त्रिशलाबाईंनी कपबशी हातातच धरून ठेवली. अण्णाप्पांच्या डाव्या हातानं, चालणाऱ्या हातानं, सुभेदारांचं मनगट पकडलं होतं. बोटं पांढरी पडली होती. आज त्यांना पाणी नको होतं आणि उशीही नको होती.

"सुभेदार, ते तुमालाच म्हणत्यात," त्या म्हणाल्या. "उठा. साताऱ्याच्या डॉक्टराकडं जायचं, आजच्या गाडीनं. ज्ञानू संगं येईल."

"आवं, ढग आला नि गेला. आता लख्ख दिसतंय."

"ह्यांनाबी दिसत हुतं."

सुभेदारांचा लाल चेहरा जरा उतरला. "बरं, बघू सोयरीक झाल्यावर. तवर कुणाला बोलू नका. व्याह्यांच्या कानावर गेलं, तर पोरीचं मोडंल."

"सांगणार," त्रिशलाबाई म्हणाल्या. "तुमच्या घरी आज निरोप धाडते. न सांगून काय हुतंय ते ह्या घरात बघून घ्या." त्यांनी अण्णाप्पांचा उजवा हात उचलून मांडीवर नीट ठेवला, बाळाला ठेवावं तसा.

सुभेदार रागानं उठले. पायरीपाशी काठी घ्यायला वाकले, सरळ झाले आणि तिथंच उभे राहिले. दारातून जायचं होतं, दार समोर उघडं होतं.

"काय झालं?" त्रिशलाबाईंनी विचारलं.

सुभेदारांचा एक हात पुढं झाला होता आणि तो दाराची डावी चौकट चाचपत होता.

"थांब," मागून अण्णाप्पा म्हणाले.